चूक सापडली नाही

तोंडात दोन बोटं, एक आरसा आणि थुंकी ओढणारी वाकडी नळी असताना दातांचे डॉक्टर म्हणाले, "ते गरम होणारं यंत्र तुम्हीच पास केलंत ना, मॅडम?"

ती "आं" म्हणाली. त्या खुर्चीत हो आणि नाही या दोन्हींसाठी तेवढा एकच उच्चार असतो. डॉक्टरांनी तो हो धरला. "वाटलंच मला. मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला. शेवटी तुमचा फोटो, खाली हुद्दा, आणि ही मोठी अक्षरं: 'तपासणीत चूक नाही'. बायकोला म्हटलं, या तर आपल्या पेशंट! खालची डावी दाढ!" आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं. तिने हात वर केला. दुखलं तर हात वर करा, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. ते थांबले, आणखी एक सुई टोचली आणि म्हणाले, "आता नाही दुखणार." वरच्या दिव्याच्या पांढऱ्या गोलाकडे बघत ती पडून राहिली. चूक सापडली नाही, असं तिने लिहिलं होतं. तीन शब्द. मधला शब्द कुणीतरी तांदळातला खडा वेचावा तसा वेचून टाकला होता, आणि उरलेले दोन शब्द तिचा फोटो घेऊन गावोगाव फिरत होते. गालाची भूल जिभेपर्यंत उतरत चालली. आपली जीभ आपल्याच तोंडात कुणीतरी विसरून गेल्यासारखी पडली आहे, असं तिला वाटलं.

बाहेर काउंटरवरच्या बाईंनी पुढची तारीख विचारली. तारखेऐवजी तिच्या तोंडून निघालं, "थापडली नाही, अथं होतं ते." "काय सापडलं नाही? चष्मा का?" बाई उठून शोधायला लागल्या. "अहो, डोक्यावरच आहे की तुमच्या." ती हसली असावी. हसू अर्ध्या चेहऱ्यावरच आलं असणार, कारण बाईंनी कागदी रुमाल पुढे केला.

तिथून सरळ ताईकडे जायचं होतं. आज ताईच्या घरासमोर ट्रक लागणार होता. दुपारचे रस्ते रिकामे होते, दुकानांची शटरं अर्धी खाली होती, आणि ती फुटपाथच्या कडेकडेने आपला लोंबता गाल हाताने धरून चालत होती. तिचं काम उष्णता मोजायचं. गीझर, इस्त्र्या, भट्ट्या, बॉयलर. कंपनी म्हणते तेवढी उष्णता ती वस्तू खरोखर देते का, हे पाहून शिक्का मारायचा. बावीस वर्षं तिने हेच केलं. उष्णता ही फार लबाड गोष्ट आहे, हे ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. पाण्याला धरता येतं, वजनाला पकडता येतं, उष्णता मात्र फटीफटीतून निसटते, नको तिथून आत शिरते, आणि जिथे नाही तिथे असल्याचं सोंग आणते. मुलं हे वहीत लिहून घ्यायची. आता त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला असेल. आज सकाळी ऑफिसच्या जिन्यात दोघं तिला पाहून एकदम गप्प झाले होते. ते कशाने गप्प झाले, हे तिला दातांच्या खुर्चीत कळलं.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची. चार मशिनं, भिंतीला टेकलेलं कापायचं टेबल, आणि एकमेकींच्या लग्नाच्या गप्पा मारत काज करणाऱ्या मुली. मागची खोली भाऊजींची. भाऊजी बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी मागच्या खोलीत एक यंत्र उभं केलं. मोठ्या थर्मासएवढं पोलादी नळकांडं, आत कसलीशी धातूची भुकटी आणि दाबून भरलेला वायू. त्याला थोडी वीज द्यायची, आणि ते दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर देतं, असं भाऊजींचं म्हणणं. जगात असं म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यावर हसणारे त्याहून पुष्कळ. खरं निघालं तर तेल नको, कोळसा नको. खोटं निघालं तर एका घराची मागची खोली आणि एका माणसाची नऊ वर्षं. तिच्या प्रयोगशाळेत त्यांचा विषय निघाला की लोक 'जादूची शेगडी' म्हणत आणि तिच्याकडे बघून चहाचा कप तोंडाला लावत.

बोलावलं होतं ते ताईने. कापड कापता कापता, कात्री न थांबवता म्हणाली होती, "बारके, एकदा ये आणि ते मोज. आणि नाही म्हणून सांग. माझं ऐकत नाहीत, जगाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." "आणि समजा हो निघालं तर?" "कसं निघेल? तूच म्हणतेस ना असलं काही निघत नसतं!" त्या वेळी दोघी हसल्या होत्या. घरात तिला अजून बारकी म्हणत. लहानपणी आई आजारी पडली तेव्हा ताईने आईच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, काही नाही, जरा कसकस आहे. घरात ताईचा हात म्हणजे शेवटचा शब्द. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी काचेची कांडी आईच्या काखेत ठेवली, उजेडाला धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. रिक्षा आणा, म्हणाले. आई वाचली. पण त्या दिवसापासून बारकीचा विश्वास हातावरून उडाला तो काचेवर जाऊन बसला. ताईला हे कधीच कुणी बोलून दाखवलं नाही. ताई मात्र पुढे कितीतरी दिवस आपला हात पदराला पुसत राहायची, बारकी लहान होती तरी तिला ते दिसायचं.

मोजायची रीत सोपी होती. नळकांड्याभोवती नळीतून पाणी खेळवायचं. आत जाताना पाणी किती गार, बाहेर येताना किती गरम, आणि मिनिटाला किती पाणी गेलं, एवढं कळलं की उष्णता कळते. ती आत घातलेल्या विजेशी ताडून पाहायची. तिने आपली उपकरणं नेली, प्रत्येक जोड स्वतः तपासला, फोटो काढले, मग ऊब बाहेर निसटू नये म्हणून सगळ्यावर काचेची लोकर गुंडाळली. दोन दिवस यंत्र चालू ठेवायचं ठरलं. पहिला अख्खा दिवस, जेवढं आत तेवढंच बाहेर. कॉम्प्युटरवरची रेघ जमिनीला चिकटून सरळ. ताईने न मागता दोनदा चहा आणला. भाऊजी स्टुलावर बसून होते. रात्री ती घरी गेली. सकाळी येऊन पाहते तर रेघेने मध्येच एक पायरी चढलेली, आणि तिथून पुढे ती वरच्या वर सरळ. शंभराला आठ जास्त. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "जाग आली त्याला," ते म्हणाले. "नऊ वर्षांनी जाग आली."

मग ती महिनाभर ती पायरी शोधत होती. विजेचं मीटर बदललं. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून वजन करून पाहिलं. दोन्ही तापमापक नळीवर बसवलेल्या त्यांच्या धातूच्या म्यानांतून ओढून काढले, प्रयोगशाळेत बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून पाहिले, निर्दोष. म्यानं लोकरीच्या आत होती तशीच राहिली, कारण ती तिने गुंडाळण्याआधी डोळ्यांनी पाहिली होती. दर वेळी आठ. झोपेत आठ, आंघोळीत आठ. साहेब म्हणाले, "नाही सापडत तर काही लिहूच नका." पण मोजून गप्प बसणं तिला जमलं नाही, आणि भाऊजी म्हणाले होते, जे दिसलं तेवढंच लिहून दे, एक अक्षर जास्त नको. तिने तेवढंच लिहिलं. ताईने कागद वाचला, घडी घातली, परत उलगडला.

"मी तुला हे मोडायला बोलावलं होतं, बारके."

"ताई, मोजलं ते हेच निघालं."

"मग जरा कमी मोजायचं." ताई हे चिडून म्हणाली नव्हती. कापड कमी पडलं की गिऱ्हाइकाला सांगावं, तसं म्हणाली होती.

पुढचं भराभर झालं. दूरच्या एका थंड गावात असल्या यंत्रांवर श्रद्धा असलेल्या लोकांचं मंडळ होतं. त्यांनी शेड दिली, राहायला खोली दिली, व्हिडिओ काढला. भाऊजींनी जायचं ठरवलं. ताईचा क्लास बंद झाला. मुलींनी जाताना तिला घड्याळ दिलं आणि रडल्या. या सगळ्यात आपण कुठे होतो, याचा ती चालता चालता विचार करत होती. ती ऑफिसात इस्त्र्या मोजत होती. आपण लिहिलेला खरा शब्द घरंगळत खाली चालला आहे, हे तिला दिसत होतं, आणि त्याच्यामागे धावायचं ते काय म्हणून, कोणत्या तोंडाने, हे कळत नव्हतं.

ताईचं घर आलं तेव्हा गालाला मुंग्या यायला लागल्या होत्या. पुढच्या खोलीत ताई जुन्या चादरींत मशिनं बांधत होती. "तोंडाला काय झालं?" "दाढ." "दुखतंय?" "अजून नाही." ताईने सुतळीची गाठ मारली आणि मान मागच्या खोलीकडे केली. "जा, बोलावतायत. यंत्राला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणे."

"या, या, आमच्या न्यायाधीशीणबाई!" भाऊजी म्हणाले. दाढी गुळगुळीत केलेली, नवा शर्ट. इतकी वर्षं हे घर त्यांना असं हसताना पाहायचं विसरलं होतं, आणि ते हसू तिच्या आठ टक्क्यांवर उभं होतं. दोघं लोकर सोडवायला बसले. ताई खोक्यात भरायला जुनी वर्तमानपत्रं घेऊन दारात आली. लोकरीचा शेवटचा थर निघाला आणि काहीतरी टण् करून फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि ताईच्या पायाशी थांबलं.

कोटाचं पितळी बटण.

"अगं बाई, इथे होय हे!" ताईने ते उचललं. "त्या रात्री मेलं ते नळीजवळ एकसारखं खडखडत होतं. डोळ्याला डोळा लागेना. हे स्टुलावर बसून पेंगत होते. मग लोकरीची कड जरा उचलून हे बटण फटीत दडपून दिलं. एकदम गप्प झालं." ती बोलता बोलता बटण पुसत होती.

बारकीने यंत्राकडे पाहिलं. बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमापकाचं म्यान, त्याच्याजवळ नळकांड्याची तापलेली कड, मध्ये बोटभरही नाही एवढी फट. त्या फटीत पितळ. नळकांड्याची ऊब पितळातून सरळ म्यानात, म्यानातून तापमापकात. पाणी होतं तेवढंच होतं. तापमापकाला मात्र ते जास्त गरम वाटत होतं. रात्री चढलेली पायरी. काहीही बदललेलं नसताना चढलेली, म्हणून तर तिने हात टेकले होते. आणि तो दर वेळचा आठ. महिनाभर ती पाण्याच्या थेंबांच्या आणि विजेच्या लहरींच्या मागे हिंडत होती, आणि शेजारच्या खोलीत ताईला नुसती झोप लागत नव्हती. हे कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं. तिला आधी हलकं वाटलं, अगदी पिसासारखं. चूक सापडली होती. दुसऱ्याच क्षणी चूक कुणाच्या हातात आहे ते दिसलं. तिने भाऊजींकडे पाहिलं. लोकरीची गुंडाळी करणारे त्यांचे हात थांबले होते. उभा जन्म बॉयलरमध्ये गेलेला माणूस. हात थांबले होते ते किती वेळ, सांगता येणार नाही; मग पुन्हा गुंडाळायला लागले.

"भाऊजी," ती म्हणाली. जीभ अजून जड होती. तिने एकेक शब्द जपून उच्चारला. "ती पायरी या बटणाची होती."

"असं म्हणतेस?"

"तुम्हालाही कळलंय."

"लावून बघू की. ट्रकला अजून अवकाश आहे." त्यांनी स्वतःच पंप जोडला, तिने तापमापक बसवले आणि लोकर पुन्हा गुंडाळली. ताई दारातच उभी होती, वर्तमानपत्रं छातीशी धरून. यंत्र तापलं, पाणी वाहायला लागलं, आणि कॉम्प्युटरवर रेघ आली ती पहिल्या दिवसासारखी, जमिनीला चिकटून. तिघं त्या रेघेकडे बघत राहिले. बटण नसल्याने नळी खडखडत होती. एखादा अवजड माणूस आत यायला संकोचून दाराबाहेर पाय वाजवत थांबावा, तसा तो आवाज. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भाऊजींनी खटका दाबून यंत्र बंद केलं आणि त्याच्या झाकणावर थोपटलं. "आज रुसलंय," ते म्हणाले. "प्रवासाचं कळतं त्याला. तिकडे गेल्यावर येईल वळणावर." हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते आणि ताईकडेही नाही.

ती अंगणात आली आणि मंडळाच्या सचिवांना फोन लावला. सगळं सांगितलं, बटण, फट, म्यान. पलीकडचा माणूस शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता. मग अतिशय हळुवार आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर कुणाचा दबाव आलाय का? ऑफिसातून काही बोलले का? आम्ही समजू शकतो. असं होणार याची आम्हाला कल्पना होतीच."

"दबाव नाही हो. बटण. कोटाचं बटण."

"तुमचं ते आधीचं वाक्य आम्ही जपून ठेवलंय, मॅडम. तुम्ही काळजी करू नका." त्याने फोन ठेवला. तिने पुन्हा लावला नाही. पुन्हा लावून सांगणार काय? जितकं जोरात सांगावं तितका दबाव मोठा ठरणार. डॉक्टरांच्या मेव्हण्याकडे उद्या नवा व्हिडिओ येईल, त्यात कदाचित तिचा आवाजही असेल, जड, अडखळता, भ्यालेल्या माणसासारखा. तिने गालाला हात लावला. भूल उतरली होती, दाढ ठणकायला लागली होती, आणि आता स्पष्ट बोलता येत असताना बोलायला कुणी उरलं नव्हतं.

ताई मागून येऊन उभी राहिली. "म्हणजे ते मीच केलं."

"तू काही केलं नाहीस. मी लोकर उघडायला हवी होती."

"मला झोप लागत नव्हती गं नुसती."

"ताई, ऐक. तू जाऊ नकोस. मशिनं सोडू, मुलींना उद्या बोलावू. त्यांना जायचं तर जाऊ देत. तुला हेच तर हवं होतं ना? काही नाहीये त्यात. आता मी सांगतेय, काही नाहीये."

कोपऱ्यावर ट्रक वळत असल्याचा आवाज आला. "त्यांचे हात थांबले होते," ताई म्हणाली. "बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"मी ठरवलं होतं बारके, कालपर्यंत. ट्रकमध्ये सामान चढवायचं, ह्यांना बसवायचं आणि म्हणायचं, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागाहून. आणि जायचंच नाही. मशिनं बांधली ती त्यांना दाखवायला. गाठीसुद्धा सुटतील अशा मारल्यात." ती थांबली. "आता त्यांना कळलंय. न कळलेल्या माणसाला एकटं सोडलं असतं मी. तो आपल्या आनंदात राहिला असता. कळलेल्या माणसाला एकटं कसं पाठवू? सगळ्या लोकांसमोर ते यंत्र रोज पेटवायचं, रुसलंय म्हणायचं, आणि खोलीवर येऊन एकट्याने जेवायचं. तू सांग, कसं पाठवू?"

बारकीला एवढंच दिसत होतं की खोटं खरं वाटत होतं तोवर ताई सुटू शकत होती. मोजून, शोधून, सापडवून तिने ते दारही लावून घेतलं होतं. न सापडलेल्या चुकीने भाऊजींना हलवलं आणि सापडलेल्या चुकीने ताईला. "मग मी सांगायलाच नको होतं," ती म्हणाली. "बटण मीच उचललं ना," ताई म्हणाली, "तू न सांगता राहिली असतीस तरी त्यांचे हात थांबलेच असते." आणि ती आत जाऊन मशिनांच्या गाठी सोडून पुन्हा घट्ट मारायला लागली. बारकी तिच्याशेजारी बसली. दोघी सुतळी ओढत होत्या. एक गाठ धरायची, एक मारायची. दोघींपैकी कुणी रडलं नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, भाऊजी "आलो, आलो" म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुपारचा तो नवा उत्साह जसाच्या तसा होता. फक्त तो आता हाताने उचलून धरल्यासारखा वाटत होता.

अंधार पडायच्या आत सामान चढलं. यंत्र भाऊजींनी मागे ठेवू दिलं नाही. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरशेजारी बसले. ताई त्यांच्या पलीकडे, खिडकीशी. भाऊजींनी तिथून हात हलवला. "पत्र लिहू हं, बारके. आकडे पाठवू." ती "हो" म्हणाली. ताईने पर्समधून किल्ली काढून तिच्या हातात दिली. "घरमालक उद्या येतील, त्यांना दे. आणि हे बघ, मागचं दार आत जाऊन नीट ओढून घे. लागल्यासारखं वाटतं, पण लागत नाही."

"बघते मी."

"नुसतं बघू नकोस, ओढ."

ट्रक गेला. ती रिकाम्या घरातून मागच्या खोलीत आली. भिंतीवर वायरी काढल्याच्या खुणा होत्या, फरशीवर लोकरीचे चार-दोन तंतू. तिने दार ओढलं. खट् झालं. लागलं होतं. तिला खात्री वाटेना. तिने ते उघडलं, पुन्हा ओढलं. खट्. मग कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.